माप-वही

रावपुऱ्यातलं दुकान रिकामं करत होतो.
पस्तीवाला काटा घेऊन दारात,
आणि मी, नागूअण्णा पिशांच्या पुतण्याची मुलगी,
एकेक वही त्याच्याकडे सरकवत होते.
छाती अडतीस. बाही साडेबावीस. गळा बंद.
एका पानावर मात्र, त्याच टोकदार पेन्सिलीनं:
‘ती म्हणते, ऊन फार आहे.’

अण्णा सहा वर्षांचे असताना गोवर आला
आणि जाताना कान घेऊन गेला.
तोवर शिकलेली मराठी ते पुढे जन्मभर
लोकांच्या ओठांवरून वेचत राहिले,
जमिनीवरच्या टाचण्या वेचाव्यात तशी.

‘संगीत स्नेहलाघव’ बडोद्यात लागलं
तेव्हा ते पिटात, खांबाच्या आड.
इतक्या लांबून अठ्ठेचाळीस पदं म्हणजे
अठ्ठेचाळीस वेळा उघडलेलं एक तोंड.
लोक वन्समोअर ओरडत,
अण्णा नायिकेच्या पोलक्याची शिवण बघत बसत.
(नायिका म्हणजे भार्गवराव. काखेत जरा तंग.)

मग त्या नाटकाचं चित्र निघालं.
जाहिरातीतला ‘संगीत’ गळला, उरलेलं नाव तेच.
मांडवीजवळ तंबू, खाली पेटी-तबला,
पाट्या मराठीत आणि गुजरातीत,
शाळेत जाणारी पोरं त्या आयांसाठी मोठ्यानं वाचायची
आणि दोन्ही भाषांचा नुसता गलका व्हायचा.

वर पडद्यावर घराएवढा चेहरा.
घराएवढे ओठ.

त्या रात्री सबंध तंबूत
एकट्या अण्णांना सगळं ऐकू आलं.

पान बावन्न:
‘पाटी: प्राणसखे, तुजवाचून हे उपवन उजाड.
तो म्हणतो, डावीकडे सरक, सावली पडते.
पाटी: लज्जेने मी मूक झाले.
ती म्हणते, मेलं जोडवं रुततंय.’
अण्णा हसले असणार.
आपलं हसणं केवढं मोठं आहे ते त्यांना कधी कळलं नाही.

निरोपाच्या प्रवेशाला पेटीवाल्यानं भैरवी धरली.
बायका पदर लावून रडत होत्या,
पुरुष उगाच खोकत होते, असं माझे आजोबा सांगायचे;
ते शेजारीच बसले होते, त्यांना फक्त पेटी ऐकू आली.
‘पाटी: जा नाथ, कर्तव्य हाक मारते!
ती म्हणते, पोराला ताप आहे हो,
चारच्या गाडीनं जाऊ द्या मला.
तो तिच्या डोक्यावर हात ठेवतो. हे नाटकात नव्हतं.
तो म्हणतो, तू नीघ. यांचं मी बघतो.’
खाली रेघ मारलेली. इतकी दाबून
की मागच्या पानावरच्या कुणा माने-पाटलांची
कंबर फाटली आहे.

पुढच्या रिळात नायिका पाठमोरीच.
नदीवर पाठमोरी, देवळात पाठमोरी,
लोक म्हणाले, काय विरह दाखवलाय!
अण्णांनी लिहिलं:
‘उजवा खांदा पाऊण इंच उतरता. ही ती नव्हे.’

आता ते चित्र कुठेच नाही.
रिळं धुऊन चांदी काढली, असं कुणी म्हणतं,
कुणी म्हणतं, गोदामासकट जळली.
हस्तपत्रकात मिस कुमुदिनी असं छापलंय,
म्हणजे तिचं नाव कुमुदिनी नव्हतं एवढं नक्की.
गाडी मिळाली का तिला?
कुठल्या स्टेशनावरची चारची?

‘बेन, आ पण?’ पस्तीवाल्यानं हात पुढे केला.
मी मान हलवली, पान उलटलं.

दिघे वकील. कोट, काळा. छाती एकोणचाळीस.
ट्रायल बुधवारी. दिला.
कारखानीस मास्तर. सदरे दोन. दिले.
आणि पानाच्या अगदी तळाशी:
‘झबलं एक. मलमल. माप अंदाजे.’
गिऱ्हाइकाच्या जागी कुणाचं नाव नाही.
पुढे ‘दिलं’ असंही नाही.